उजवा गुडघा

धुळे,
६ जानेवारी २०२५

आबा,

साष्टांग घालायचा तर होस्टेलच्या खोलीत तेवढी जागा नाही. दोन पलंगांच्या मधे मी जेमतेम उभी राहते. तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्या.

पत्र कशाला, असं विचारू नका. फोन केला तर मी काहीही विचारलं तरी तुम्ही "हां हां, तब्येत बरी आहे" म्हणता. व्हॉट्सअपवर लिहिलं तर ते हेमांगी काकूच्या फोनवर येतं, आणि तुमच्या आधी काका, काकू आणि पिंप्राळ्यातल्या एक-दोन शेजारणी वाचून घेतात. तुमच्या सुनेला नावं ठेवत नाही, पण बंद पाकीट अजून तरी कोणी फोडत नाही.

काम असं आहे. आमचं हे शेवटचं वर्ष. यंदा बाहेर पडणाऱ्या पैलवानांवर कॉलेजच्या वार्षिकांकात एक पान द्यायचं आमच्या खेळाच्या भूषण सरांनी ठरवलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कुस्तीवाल्यांत शुद्ध लिहिणारी मी एकटीच आहे म्हणे. बाहेर पडणारे तरी किती, नवीन आणि मी. नवीनला तुम्ही पाहिलंय, दारातून आडवा होऊन आत येतो तो. एका वर्षी त्याला विद्यापीठाचं ब्राँझ मिळालं होतं. तेवढ्यावर पोलीस भरतीला गेला आणि धावण्यात मागे राहिला. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा मागे राहिला. आता लग्नाच्या लॉनवर काळा शर्ट घालून बाउन्सर म्हणून उभा असतो. एवढ्या मोठ्या माणसाचं अर्धं पानही भरत नाहीये.

आणि माझं काय लिहू? तुमच्या हौद्यापासून सुरुवात केली तर वार्षिकांकच पुरणार नाही. तुम्ही अजून आमच्या गावातच होतात, तिथली पोरं मोबाइलला चिकटली आणि तालीम ओस पडली, तेव्हा तुम्ही मला आणि माझी जोडीदार म्हणून डिंपलला मातीत उतरवलंत. बोदवड तालुक्यात कोण हसलं नसेल. तुमची सख्खी बहीण, माझी आजी सुंदरबाई, तीसुद्धा हसली. मला डावांच्याही आधी आठवतं ते सकाळचं दुखणं सांगणं. हौद्यात उतरलं की जोडीदाराचा हात धरायचा आणि आज आपलं काय दुखतंय ते बोलायचं. "डावा खांदा." "उजवं मनगट." बोललं की ते अंग त्या दिवशी माफ. कितीही सोपा डाव समोर आला तरी तिथे हात घालायचा नाही. मी एकदा डिंपलचं मुरगळलेलं बोट पकडलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत असा धपाटा घातला होता की तो डाव मी अजून विसरले नाही.

डिसेंबरचं तुम्हाला कळलंच असेल. विद्यापीठाच्या निवडीत शेवटची कुस्ती आमच्या दोघींचीच लागली, जळगाव कॉलेजची डिंपल आणि धुळ्याची मी. तिने मला चीत केलं. आता विद्यापीठाकडून हरियाणाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला ती जाईल.

खरं काम पुढे आहे. बाबांचं बोलणं तुमच्या समोरच ठरलं होतं. पदवीपर्यंत कुस्ती. हरियाणात जाऊन पदक आणलं तर पुढेही कुस्ती, नाहीतर लग्न. त्यातलं 'नाहीतर' आता उरलंय. आबा, मला एक वर्ष हवंय. पुढच्या हिवाळ्यात राज्याची निवड आहे, तिथे कॉलेज-बिलेज लागत नाही. बाबा माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकल्यासारखं करतात, पण तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. तुम्ही फक्त एक वर्ष मागून द्या. पुढचं माझं मी बघते.

तुमच्या हौद्यातली,
ज्योत्स्ना


पिंप्राळा, जळगाव,
१५ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

पत्र पोचलं. काल संक्रांत झाली पण तीळगूळ पाठवत नाही. वाटेत त्याचा चुरा होतो, आणि गोड बोलायचं माझ्या मनातही नाही.

आधी नवीनचं. त्याच्याबद्दल लिही की एवढं वजन असून या पोराने कधी कोणाच्या अंगावर मुद्दाम भार टाकला नाही. गावच्या कुस्त्यांच्या फडात मी त्याला पाहिलंय. समोरचा पडला की हा त्याला हात देऊन उठवायचा आणि मगच निकालाकडे बघायचा. अशा माणसाला पोलिसात घेत नाहीत हे पोलिसांचं नशीब. बाकी पैलवानाच्या पुढच्या आयुष्याबद्दल लिहू नकोस, ते कोणाचंच वाचण्यासारखं नसतं. माझ्या हातून गेलेल्या सगळ्यांची मी कधी कधी मनात जत्रा भरवतो. उखर्डू केळीच्या गाड्या भरतो. पुना सूतगिरणीच्या दारावर होता, गिरणी बंद पडली तरी बरेच दिवस दारावर बसायचा. लोक विचारतात, आबा, तुमचे पठ्ठे कुठवर गेले? मी म्हणतो, सगळे जागच्या जागी आहेत, कोणी हरवला नाही.

आता तुझं. रविवारी डिंपल येऊन गेली. तिने शेवटच्या कुस्तीचा व्हिडिओ मला दाखवला. आनंदाने दाखवला, बिचारीला वाटलं मी दोघींना शाबासकी देईन. मी तो तिला पुन्हा लावायला लावला. हेमांगी म्हणाली, आबा एवढं लक्ष बातम्यांकडेही देत नाहीत.

मला ऐकू येत नाही, पोरी, पण दिसतं. कुस्तीआधी हात मिळवताना डिंपल काहीतरी पुटपुटली आणि तू मान हलवलीस. मॅटवर उभं राहून गप्पा! तिथेच मला शंका आली. मग कुस्ती सुरू झाली आणि तुझा पट कुठे गेला तो मला दिसेना. सगळ्या खानदेशात तुझ्यासारखा वाकून पाय उचलणारी पोरगी नाही, आणि डिंपल तर उजवा पाय पुढे टाकून उभी होती, म्हणजे जेवायचं आमंत्रणच. तू एकदाही वाकली नाहीस. खांदे ढकलत बसलीस, दळण दळायला आल्यासारखी. आणि शेवटी तू खाली आणि ती वर. तू मान रोवून अंगाचा पूल केलास, मी खुर्चीतून अर्धा उठलो. आता उलटणार, आता उलटणार, आणि तू आपल्या हाताने पाठ खाली ठेवलीस. ती तुला टेकवत नव्हती. तू टेकलीस.

हरलेल्या पैलवानासाठी मी कोणाच्याही दारात जाईन. पण टेकलेल्यासाठी काय तोंडाने जाऊ? मी जन्मभर जत्रांमधे पंच होतो. चैत्रातल्या जत्रेला तुझ्या आजोबांची पाठ मातीला लागली, सगळा गाव नाही म्हणत होता, मी समोरच्याचा हात वर केला. सुंदरबाईने त्या पायी माझी भाऊबीज बंद केली होती. पंचाला बहीण-मेहुणा नसतो. दिसलं ते सांगायचं.

म्हणून तुझ्या बापाला, सुकदेवला, एक वर्ष मागितलं नाही. मला दिसलं ते त्याला आजच लिहून टाकलं, की पोरीचं मन कुस्तीतून उठलंय, ओढून ठेवण्यात अर्थ नाही, तू तुझ्या मनासारखं कर. तुला राग येईल. येऊ दे. राग आला तर निदान काहीतरी शिल्लक आहे असं मी समजेन.

अभिमन आबा


धुळे,
२८ जानेवारी २०२५

आबा,

राग आला. रागात जे पत्र लिहिलं ते फाडलं, हे दुसरं आहे.

व्हिडिओत तुम्हाला डिंपलचे ओठ हललेले दिसले. ती काय बोलली ते सांगते. हात मिळवताना ती म्हणाली, "उजवा गुडघा."

एवढंच म्हणाली. हौद्यात रोज सकाळी म्हणायची तसं. मुद्दाम म्हणाली का सवयीने, ते मी पुष्कळ उगाळलं. मला वाटतं सवयीने. लहानपणापासून माझा हात हातात आला की तिच्या तोंडून तिचं दुखणं बाहेर पडतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं तिच्या. आणि माझीही मान आपोआप हलली. मान हलवल्यावर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं? ते अंग माफ.

माझ्याकडे पटाशिवाय दुसरं आहे काय? तुम्हीच म्हणायचात की ज्योत्स्नाकडे एकच डाव आहे पण तो सव्वा लाखाचा. आणि ती उभी होती तोच पाय पुढे टाकून. मी वाकायला जायचे आणि हात तिथल्या तिथे थांबायचा. मी स्वतःला सांगत होते की अगं ही माती नाही, मॅट आहे, हरियाणाचं तिकीट आहे. हाताला ते पटत नव्हतं. शेवटी मी पूल केला तेव्हा तिचा सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला, आणि तो आतल्या बाजूला वळतोय हे मला माझ्या बरगडीशी जाणवलं. अजून एक झटका दिला असता तर मी सुटले असते आणि तिचा गुडघा गेला असता. मी पाठ ठेवली. यात मोठेपणा काही नव्हता, आबा. तव्याला लागलेला हात मागे येतो, तसं झालं ते.

हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात का लिहिलं नाही? कारण तुम्ही डिंपलला ओरडला असतात. तिला वाटतंय तिने मला हरवलं. ते तिला वाटू दे. आमच्या अख्ख्या कुस्तीत मला हरवल्याचा तिला हा एकच आनंद आहे. परवा ती हरियाणाच्या गाडीत बसेल, गुडघ्याला पट्टा बांधून. आत्ता तिला कळलं तर ती तिथे उभीच राहू शकणार नाही.

तुमचं पत्र मात्र इकडे कामाला लागलंय. रविवारी बाबांनी मला गावी बोलावून घेतलं. धुळ्याचे पाहुणे आले होते. मुलगा योगराज, ट्रॅक्टरच्या शोरूममधे आहे. त्याच्या आईने माझे केस बाजूला केले आणि कुस्तीत मोडलेला कान बघितला. म्हणाली, "बठ्ठं बरं शे, पन पोरना कान असा काबर शे?" कान असा का, तर बाबांनी सांगितलं, लहानपणी गांधीलमाशी चावली होती. तुम्ही, मी, डिंपल, आपल्या सगळ्या तालमीला एकच गांधीलमाशी चावली म्हणायची.

त्यांचा निरोप अजून यायचा आहे. आबा, तुम्ही बाबांकडे जा. पत्र नको, स्वतः जा. तुम्हाला चुकीचं दिसलं असं सांगा. एक वर्ष मागा. मात्र डिंपलला कधीच काही कळू देऊ नका.

ज्योत्स्ना


पिंप्राळा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा मी तापाने पडलो होतो आणि हेमांगीने ते उशाशी ठेवलं, फोडलं नाही. तुझा पाकिटावरचा विश्वास खरा ठरला. ताप उतरल्यावर वाचलं आणि पुन्हा पडून राहिलो.

पोरी, तो नियम हौद्याचा होता. हौद्याच्या काठाशी संपत होता. फडात उतरलं की समोरचा तो समोरचा. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण दोघी माझ्याच, दोघींची फडात गाठ कशाला पडेल? एका तालमीच्या पैलवानांची जोड लावायची नाही, हे जत्रेतल्या कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. तुमच्या विद्यापीठाला कळत नाही ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि जत्रेत एकदा हरलं तर काय होतं? आठ दिवसांनी दुसऱ्या गावची जत्रा असते. तुमच्याकडे दुसरं गावच नाही.

चालायला लागलो तसा मी सुकदेवकडे गेलो. रेल्वेने बोदवड, पुढे रिक्षा. तो केळीत होता, ठिबकच्या नळ्या बघत. बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं, गुडघा, पूल, पाठ, सगळं. त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "आबा, तुमचंच पत्र मी तिच्या मायले वाचून दाखवलं. ते आयकून ती गप झाली. पाहुन्यायचा होकार आला, मी शब्द देला. आता त्यायले काय सांगू? गुडघा?"

मी म्हणालो, शब्द मोड, शिव्या माझ्या नावावर खा. त्यावर त्याने हात जोडले. म्हणाला की आबा, जन्मभर तुम्ही एकदा दिलेला निकाल फिरवला नाही, मी लहानपणापासून तेच बघत आलो, म्हणून तर तुमच्या पत्रावर पुढे गेलो. आता माझ्याच पोरीच्या वेळेला फिरवता? सुकदेव वाईट माणूस नाही गं. वाईट असता तर मी भांडलो असतो. साखरपुडा त्याने फाल्गुनातला धरलाय.

माझा जीव आत जळतोय, एवढंच लिहितो. दिसतं ते सांगायचं, हा माझा गर्व होता, आणि मला दिसलंच नाही.

डिंपलचंही ऐक. हरियाणात पहिल्याच कुस्तीत तिचा गुडघा गेला. समोरचीने हात लावायच्याही आधी, नुसतं वळताना गेला. परतीच्या गाडीत पाय बॅगेवर ठेवून आली म्हणे. मला सांगते की सर्दी झाली होती म्हणून हरले. मी मान डोलावतो. डॉक्टर म्हणाले की आतला दोर तुटलाय, ऑपरेशन करावं लागेल, चालता येईल पण कुस्ती नाही. तुझं वर्ष आणि तिचं पदक, दोन्ही त्या एका गुडघ्यात गेलं.

तरी एक सांगतो. तू अडून बस. जेवू नकोस, बोलू नकोस, साखरपुड्याला जाऊ नकोस. नाहीतर सरळ इकडे निघून ये. हेमांगी म्हणते वरची खोली रिकामी आहे. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत, मला ऐकू येत नाही.

आबा


धुळे,
२ एप्रिल २०२५

आबा,

तुमची वरची खोली मी मनातल्या मनात झाडून घेतली होती. खिडकीपाशी माझी पथारी, दाराशी माझे बूट. पण मी येणार नाही. साखरपुडा झाला, आणि मी गेले होते.

का, ते सांगते. मी अडून बसणारच होते. साखरपुड्याच्या आधी गावी गेले आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती इतकी वर्षं माझ्या बाजूची. बाबांपासून लपवून तिने मला तूप पाठवलंय. तिला गुडघ्याचं सगळं सांगितलं आणि वाटलं, आता ही पदर खोचून उभी राहील. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मंग आबांनी बरोबरच लिव्हलं. जिले दुसरीचा गुडघा मोडवत नाही, तिनं कुस्ती कायले खेळावी?"

आबा, याचं उत्तर मी त्या दिवसापासून रोज शोधते आहे. पुढच्या हिवाळ्यात राज्याच्या निवडीत समोर अनोळखी मुलगी असेल आणि तिने पाय पुढे टाकला तर माझा हात जाईल का? पूर्वी मी डोळे मिटून हो म्हणाले असते. आता मला माहीत नाही. ज्यावर मी एक वर्ष मागत होते तेच माझ्याजवळ आहे का नाही, ते मला माहीत नाही, मग बाबांशी भांडू कशाच्या जोरावर?

सराव बंद केलाय. पहाटे अंग आपलं आपण जागं होतं आणि मग काय करावं ते त्याला कळत नाही. मी त्याला झोप म्हणते.

मागच्या आठवड्यात आमचा निरोप समारंभ झाला. नारळ, शाल आणि भाषणं. पाहुणे म्हणाले की खेळाडू कधी मावळत नाही. नवीन काळ्या शर्टातच आला होता, पुढे ड्यूटी होती त्याची. त्याला पाहून दारातल्या पोरांनी आपापले पास काढून दाखवले. तो इतका ओशाळला की शाल घ्यायला स्टेजवर जाईचना, मी हाताला धरून नेला. भूषण सर खाली उतरल्यावर आमच्यासाठी चहा सांगून आले. त्यांची स्वतःची नेमणूक दर वर्षी नव्याने ठरते, पुढच्या वर्षी ते असतील का तेही नक्की नाही. तिघं मिळून आम्ही तो प्यालो.

वार्षिकांकाचं पान दिलं. नवीनसाठी तुमचंच वाक्य घेतलं, समोरच्याला हात देऊन उठवणारा पैलवान. त्याने वाचलं आणि कागद खिशात ठेवून घेतला, मग मला दुसरा लिहावा लागला. माझ्याबद्दल लिहिलं ते असं: "ज्योत्स्ना सुकदेव. बोदवड तालुक्यातल्या मातीतून आली. पट हा तिचा हुकमी डाव. विद्यापीठाच्या अंतिम कुस्तीत जळगावच्या डिंपलने तिला चीत करून निर्विवाद विजय मिळवला." निर्विवाद हा शब्द सरांना खटकला. स्वतःच्या हारीबद्दल असं कोण लिहितं, म्हणाले. मी म्हणाले, राहू द्या.

तो शब्द डिंपलसाठी आहे. तिचं ऑपरेशन परवा झालं. फोनवर हसत होती, पण मधेच म्हणाली की आपली ती कुस्ती तेवढी बरी झाली गं, नाहीतर माझ्याजवळ सांगायला काय राहिलं असतं? आबा, तुम्ही जळगावातच आहात, ती तुमच्याकडे येत राहील. तुमच्या सत्याचा मला धाक वाटतो. तुम्ही तिला सांगणार नाही असा शब्द द्या. माझ्यासाठी दुसरं काही मागायचं राहिलं नाही, एवढं द्या.

लग्न वैशाखात, धुळ्यालाच आहे. कान झाकेल अशी केशरचना करणारी बाई सासूबाईंनी आत्ताच ठरवून ठेवली आहे. माणूस वाईट नाही. मला विचारत होता, गांधीलमाशी चावली तेव्हा फार दुखलं होतं का. मी हो म्हणाले.

ज्योत्स्ना


पिंप्राळा,
९ जून २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना,

हे पाकीट टपालात टाकत नाही. तुझ्या नव्या घरी पाकीट कोण फोडतं ते मला ठाऊक नाही. नवीन एका लग्नाच्या कामाला जळगावला आला होता, तो मुद्दाम भेटून गेला, त्याच्या हाती देतो आहे. त्याला बजावलंय, तिच्याच हातात दे. वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्याकडे गॅस आहे, तरी घाल.

तुझ्या लग्नात मी बोललो नाही, कारण गर्दीत मला काहीच ऐकू येत नाही आणि माझ्या तोंडून भलतंच निघेल याची भीती होती. तू छान दिसत होतीस हे खोटं लिहिणार नाही. तू कोणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी दिसत होतीस. डिंपल काठी टेकत तुझ्या मागे उभी होती, अक्षता टाकताना तिचा तोल गेला आणि तू गळ्यात हार असताना मागे वळून तिला दंडाला धरलंस. तुझा हात वेळेवर गेला. मी बघितलं. तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे, पण मला तेवढंच दिसलं.

एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण तू मागितलेला शब्द मला देववत नव्हता. सुकदेवला चुकीचा निकाल कळवून बसलोय, तो आता फिरत नाही. म्हटलं, निदान दुसरीला तरी खरं सांगून मरावं. असं माझ्या मनात होतं. आता काय झालं ते ऐक.

परवा डिंपल आली. वार्षिकांक घेऊन आली होती, तू तिला पाठवलास तो. तुझं पान उघडून माझ्या पुढे धरलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, ज्योत्स्ना. चांगल्या कानाशी बोलली होती ती. पण मी तळहात कानामागे धरला आणि म्हणालो, काय? तिने मोठ्याने विचारलं. मी पुन्हा म्हणालो, काय? तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की हेमांगी आतून धावत आली. मी मान हलवत राहिलो. बहिऱ्याला बहिरा व्हायला किती श्रम पडतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिने माझ्या खिशातला पेन काढला, आणि तुझ्या नावाखालच्या कोऱ्या जागेत लिहून माझ्यासमोर ठेवलं. हेमांगीला आत जायला सांगितलं. लिहिलं होतं: "आबा, मी हात मिळवताना उजवा गुडघा म्हणाले होते. सवयीने निघालं. तिने म्हणून पट काढला नाही का? तुम्ही व्हिडिओ पाहिलाय. खरं सांगा, मी जिंकले का?"

वाचता येत नाही असं मला म्हणता येईना. पाय लांब करून ती समोर बसली होती, गुडघ्यावर टाक्यांचे वण अजून लाल. तुझं वर्ष गेलं, कान झाकला गेला, ते तिला ठाऊक आहे. मी हो म्हणालो नसतो तर ती त्या वणांना हात लावून जन्मभर तेवढंच मोजत बसली असती. आणि तुझं पाठ टेकवणं मग कशासाठी होतं? माझ्या हौद्यातून निघालेलं एवढं एकच काहीतरी कोणाच्या तरी उपयोगी पडलं होतं, तेही मी माझ्या खरेपणाने मोडणार होतो.

मी उठलो. तिलाही उठवली, काठी बाजूला ठेवायला लावली. चैत्राच्या जत्रेत तुझ्या आजोबांविरुद्ध निकाल देताना उभा राहिलो होतो तसा ताठ उभा राहिलो, आणि मी, अभिमन, ज्याने बहिणीच्या भाऊबीजेसाठीसुद्धा कधी खोटा निकाल दिला नाही, मी डिंपलचं मनगट धरलं आणि तिचा हात वर केला.

तुझे,
आबा